एकवीस चतुर्थ्यांचा नवस

६ नोव्हेंबर २००२
अंगणवाडीच्या जुन्या आहार-रजिस्टरात मागची पन्नास-साठ पानं कोरी राहिली होती. सुपरवायझर बाई म्हणाल्या, फाडून चूल पेटवा. म्हटलं, त्यापेक्षा आपणच वापरू. केदारखेड्यात शहाणं बोलायला एक माणूस मिळत नाही. कागद निदान मधे बोलत तरी नाही.

रामकिसन दिवाळीला आले नाहीत. सुरतेच्या शेठनं लूम बंद ठेवायला नकार दिला म्हणे. पत्र मात्र आलं. चार ओळी. "मी खुशाल आहे. पाळी बारा घंट्यांची आहे. झोप होत न्हाई. शीतलला जप." झोप होत नाही! इथं मी साठ पोरांची खिचडी शिजवते, त्यांची वजनं करते आणि वर सासूबाईंचे टोमणे ऐकते, मला कुठं गादीवर लोळायला मिळतं?

मी दोन पानी उत्तर लिहिलं. शेजारच्या तातेरावांचा जावई पुण्याहून रंगीत टीव्ही घेऊन आला, तुम्ही चार ओळी घेऊन आलात. शीतल पाच वर्षांची झाली, तिला भाऊ कधी मिळणार ते तिथल्या मशीनला विचारून कळवा. चांगलं झोंबेल असं लिहिलं. लिहून झाल्यावर शेव-चिवडा खाल्ला आणि बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर
भोकरदनला तीन दिवस प्रशिक्षण. विषय एड्स. चाळीस सेविका पदर तोंडात कोंबून खिदळत होत्या. जालन्याहून आलेले सर 'संबंध' हा शब्द इतका हळू उच्चारत होते की मागच्या बायकांना वाटलं, 'समन्स'. शेवटी आमच्या उपकेंद्राच्या ताहेरा सिस्टरनी तक्ता हातात घेतला आणि रोग कशानं होतो, कशानं होत नाही ते स्पष्ट सांगितलं. मला सगळं एका दमात पाठ झालं. परीक्षेत मी पहिली. बाकीच्यांनी काय लिहिलं असेल, देव जाणे.

जाताना प्रत्येकीला निरोधाचं एक खोकं दिलं. आणि हुकूम: ज्यांचे नवरे बाहेरगावी कामाला आहेत, अशा घरांची यादी करून तिथल्या बायकांना आधी सांगा. मी बसमध्येच यादी केली. अकरा घरं निघाली. बारावं माझं, पण ते लिहायची गरज नव्हती. मला तर सगळं माहीतच आहे.

८ डिसेंबर
पहिली सभा. अकरांपैकी चौघी आल्या, त्यांतल्या दोघी सुकडी वाटणार आहेत असं समजून आल्या होत्या. तक्ता उघडला तशी एक उठून गेली. खोकं उघडलं तशी दुसरी गेली. उरलेल्या दोघींना मी शिकवलं. त्यांतली एक ठार बहिरी आहे.

दुसरी बातमी, भुजंग सुरतेहून परत आला. आमच्या यांच्याच खोलीत राहायचा. दोघांनी खांद्याला धरून जीपमधून उतरवला. गाव म्हणतं टीबी. मी एक नजर टाकली आणि ओळखलं. तोंडात पांढरं, मांड्यांची काठी झालेली, सगळं तक्त्यातल्यासारखं. असल्या माणसांची मला किळस येते. बायको साळूबाई इथं दुसऱ्याच्या रानात निंदायला जाते आणि साहेब तिकडे दिवे लावतात. यांना शहरात पाठवतंच कोण?

सासूबाई म्हणाल्या, "आपला रामकिसन त्याच खोलीत व्हता गं." मी म्हटलं, "आत्याबाई, खोली एक असली म्हून माणूस एक होतो का?"

१९ जानेवारी २००३
भुजंग गेला. सावडायला सहा माणसं. साळूबाईकडे हळदीकुंकवाचं बोलावणं तर सोडाच, कुणी तिच्या दारावरून जात नाही. तिचा पोरगा अंगणवाडीत येतो. मी त्याचं ताट वेगळं ठेवलं आहे. ताहेरा सिस्टरनी ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाई, आप ही तो सिखाते हैं ना, ताटातून होत न्हाई?"

मी म्हटलं, मला माहीत आहे हो, पण गावाला माहीत नाही. गाव अडाणी आहे त्याला मी काय करू? सिस्टर पिशवी उचलून निघाल्या. त्यांचं त्यांना सोपं आहे, त्या संध्याकाळच्या बसनं भोकरदनला जातात.

१६ मार्च
आले! कळवलं नाही, काही नाही. शीतलला फ्रॉक, आईला लुगडं, मला साडी, अबोली रंगाची. गाल आत गेलेत. लूमच्या आवाजानं कान बिघडलेत बहुतेक, एक गोष्ट दोनदा सांगावी लागते. मी पुरणाची पोळी केली. त्यांनी अर्धीच खाल्ली.

मी अबोली साडी नेसले. आणि साहेबांनी ओसरीवर खाट टाकली! मी विचारलं, हे काय? तर मान खाली घालून म्हणतात, "राजूरच्या गणपतीला बोललोय. एकवीस चतुर्थ्या धरल्यात. तवर बरमचर्य पाळायचं."

"कशासाठी?"

"पोरगा व्हावा म्हून."

मी इतकी हसले की शीतल घाबरली. पोरगा व्हावा म्हणून बायकोला हात लावायचा नाही, असा नवस गणपतीच्या कानावर जन्मात पहिल्यांदाच पडला असेल. मी तसं म्हटलं. त्यांना हसू आलं नाही. सासूबाई मात्र आतून धावत आल्या. "माह्या लेकाला देव सुचला आन् तुला हसू येऊन राह्यलं?"

३० मार्च
सासूबाईंनी गावभर डांगोरा पिटला. रामकिसन म्हणजे आता संत. तातेराव त्यांना दारात बसवून चहा पाजतात. मी हिशेब केला. एका महिन्याला एक चतुर्थी, म्हणजे पावणेदोन वर्षं. सहा झाल्या म्हणतात. म्हणजे पोराचं नाव ठेवायला मी पस्तिशीची होणार.

परत सुरतेला जायचं नावही काढत नाहीत. काम सोडलं का विचारलं तर म्हणाले, "तिथं जीव रमत न्हाई." इथं तरी कुठं रमतोय? दिवसभर चिंचेखाली बसतात. शीतल गळ्यात पडली की आधी हाताची बोटं न्याहाळतात, कुठं खरचटलंय का ते. स्वतः दाढी करताना कापलं तर वस्तरा लगेच पाण्यात टाकून उकळतात. मोठे आले डॉक्टर.

९ एप्रिल
मला काय ते कळलं. सुरतेत दुसरी ठेवली आहे. दुसरं काय असणार? नवस म्हणजे बाईसाठी केलेली सबब. मी तोंडावर बोलले. म्हटलं, तिचं नाव तरी सांगा, मी साडी पाठवते. ते उभे राहिले, पुन्हा बसले. "उषा, तसं बिलकुल न्हाई. तुला कसं सांगू." मी म्हटलं, मराठीत सांगा. त्यांनी तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं. पुरुषाच्या डोळ्यांतलं पाणी मला अजिबात सहन होत नाही, चीड येते.

२१ एप्रिल
आज मी तोड काढली. अंगणवाडीला सुट्टी होती, जीपनं राजूर गाठलं. देवळाबाहेर एक म्हातारे जोशीबुवा बसतात. त्यांना विचारलं, नवऱ्याचा नवस बायकोला सोडवता येतो का? ते म्हणाले, "का न्हाई? अर्धांगी हाय ना. एकवीस दुर्वा, एकवीस मोदक, एक नारळ. देव रागावत न्हाई." झालं! देवाला समजतं ते आमच्या घरात कुणाला समजत नाही.

घरी येऊन मी सासूबाईंच्या समोरच प्रसाद यांच्या हातावर ठेवला. "घ्या. नवस सुटला." यांचा चेहरा राखेसारखा झाला. मोदक हातातून पडला. सासूबाई कपाळ बडवू लागल्या. मला मनापासून मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

दिवेलागणीला साळूबाई दारात उभी. मी राजूरला जाऊन नवस सोडवला हे गावात कळलं होतं. म्हणाली, "उषाबाई, जरा बाजूला या. एक सांगायचंय, जल्दी." मी म्हटलं, आज नको, घरात गडबड आहे. ती हलेना. पदराचं टोक पिळत राहिली. मी दार लोटून घेतलं. नेमक्या आजच्या दिवशी विधवा बाईचं तोंड कशाला बघायचं?

२२ एप्रिल
जिंकले.

काल ते अगदी लहान पोरासारखं हात जोडत होते. म्हणे, तुझ्या खोक्यातलं एक आण. मी म्हटलं, पोरगा पाहिजे म्हणून अर्ध्या वर्षाचा उपास आणि आता निरोध? अख्ख्या गावाला वाटायला आणलेलं खोकं, त्याचा पहिला गिऱ्हाईक माझाच नवरा निघावा? तुम्ही पुरुष आहात की कोण, असंही म्हटलं. मग त्यांनी दिवा मालवला.

सकाळी चिंचेखाली बसले होते. चहा प्याले नाहीत.

४ मे


दहा-बारा दिवस ते जेवत नव्हते, माझ्याकडे बघत नव्हते. आज दुपारी सासूबाई शीतलला घेऊन कीर्तनाला गेल्या तेव्हा मी पुन्हा सुरू झाले. म्हटलं, एकदा हात लावला तर इतकं काय सोवळं मोडलं? तेव्हा ते बोलले. भिंतीकडे बघून.

"भुजंगाला जे झालं ते मला बी हाय."

मी म्हटलं, टीबी? इतकी मी हुशार. परीक्षेत पहिली.

त्यांनी सगळं सांगितलं. बारा घंटे लूमची खडाखड. बाहेर आलं की कानात काहीच नाही. एक खाट दोघांत, रात्रपाळीचा उठला की त्याच्या घामावर आपण पडायचं. सुट्टी मागितली की दुसरा माणूस उभाच. पगार झाला की खोलीतले सगळे एकत्र निघायचे. "दोन वर्सं मी गेलो न्हाई, उषा. खोलीवर बसायचो. मंग तुझं पत्र यायचं. ते वाचलं की खोलीवर बसवत नव्हतं."

म्हणजे हेही माझ्याच डोक्यावर! मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "न्हाई, गेलो तर मीच. तुला दोष न्हाई. तू विचारलंस म्हून सांगून राह्यलो." मी माझी पत्रं आठवली. टीव्ही आठवला. मशीनला विचारून कळवा, ते आठवलं. मला लाज वाटली. ही गोष्ट मी कुणाला सांगणार नाही, म्हणून इथं लिहिते.

भुजंगाचं कळल्यावर खोलीतल्या पाचांनी रक्त तपासून घेतलं. तिघांना निघालं. घरी काय तोंड दाखवायचं? पिंपळगाव रेणुकाईचा वसंता म्हणून एक आहे, तो म्हणाला, चतुर्थ्या धरा. निरोध म्हटलं की बायको संशय घेते, देवाचं नाव घेतलं की गप राहते. तिघांनी एकमेकांच्या गळ्याची शपथ घेतली, बायकोला रोग लावायचा नाही. आपल्या बायकांना वाचवायला त्यांनी गणपतीला मधे घातलं होतं. आणि मी मोदक देऊन त्याला बाजूला केलं.

वसंताचं वसंता बघेल, म्हटलं. मी साळूबाईकडे पळाले. चूल सारवत होती. मी विचारलं, त्या दिवशी काय सांगायला आली होतीस?

ती उठलीसुद्धा नाही. "आमच्या यांनी बी पोळ्याला आले तवा चतुर्थ्या धरल्त्या. मी बी राजूरला गेल्ते, उषाबाई. मी बी सोडवून आणल्ता. तेच सांगाया आल्ते."

मी तिच्या सारवलेल्या जमिनीवर बसले. तिनं मला पाणी दिलं. तिच्या तांब्यातून.

२९ जुलै
तीन महिने थांबावं लागतं, नाहीतर रक्तात दिसत नाही. तक्त्यावरचं हे वाक्य मी किती बायकांना म्हणून दाखवलं असेल, पण तीन महिने किती लांब असतात ते त्या तक्त्यावर नाही.

काल ताहेरा सिस्टर आम्हाला जालन्याला घेऊन गेल्या. मी आणि साळूबाई. सरकारी दवाखान्यात तपासणीआधी समजावून सांगणारी बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिनं विचारलं, हा आजार कशानं होतो माहीत आहे का? मी म्हटलं, हो, मी शिकवते. ती माझ्याकडे बघतच राहिली. बघणारच.

मला नाही. ऑक्टोबरात पुन्हा एकदा बघायचं. साळूबाईला आहे.

परत येताना एसटीत ती म्हणाली, "तुमचं बरं झालं, बाई. तुमची पोरगी लहान हाय." मनापासून म्हणाली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तिचाही पोरगा चारच वर्षांचा आहे. आजपासून त्याचं ताट मी इतर ताटांत ठेवलं. ताहेरा सिस्टर आल्या, बघितलं, काही म्हणाल्या नाहीत. म्हणायला पाहिजे होतं.

२४ ऑगस्ट
रामकिसन खंगत चालले आहेत. ताप येतो, जातो. आणि आमच्या थोर गावानं निदान केलं आहे. नवस मोडला म्हणून गणपती कोपला! हापशावर मी गेले की बायका कळशी घेऊन दोन पावलं मागं सरकतात. तातेरावांची बायको तर ऐकू जाईल असं म्हणाली, "नवऱ्याच्या तपाला आग लावली हिनं. बाईला इतकी घाई असती का?"

एक शब्द पुरे आहे. तो तोंडातून काढला की ही सगळी तोंडं बंद होतील. पण मग दुसऱ्या दिवसापासून यांना दारावर कोण येऊ देईल? भुजंगाला सावडायला सहा माणसं होती आणि सातवी मी गेले नव्हते. हे गाव काय करू शकतं ते मला चांगलं ठाऊक आहे, मी त्यातच होते.

यांनी म्हटलं, "मी आईला सांगतो." मी म्हटलं, गप बसा. बोलायचं काम आजवर माझ्याकडे होतं, आता न बोलायचंही माझ्याकडेच राहू द्या.

सासूबाईंना मी सांगितलं, हो, मीच मोडला. माझंच चुकलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यापुढं हे वाक्य म्हटलं. त्यांना तर लगेच खरं वाटलं.

१४ सप्टेंबर
सासूबाईंनी शिक्षा काढली होती. चतुर्थीला राजूरला जायचं, ओल्या लुगड्यानं देवळाला एकवीस प्रदक्षिणा घालायच्या, प्रत्येक प्रदक्षिणेला मोठ्यानं म्हणायचं, "नवस मी मोडला, मालकाला सोड." मी कबूल झाले. हसू येत होतं, पण कबूल झाले.

गर्दी पुष्कळ. ओलं लुगडं पायात येत होतं. लोक बाजूला होऊन बघत होते. सासूबाई आरतीचं ताट घेऊन मागं मागं, मी शब्द गाळत तर नाही ना ते ऐकायला. चौदा झाल्या. पंधराव्याला मी जोशीबुवांच्या समोरून वळले, तर त्यांच्यापुढं एक पोरगी बसलेली. वीस-बावीसची. हातात कोपरापर्यंत चुडा. शेजारी तिची सासू. पुढ्यात दुर्वांची जुडी, नारळ, मोदकांचा डबा.

जोशीबुवा म्हणत होते, "अर्धांगी हाय ना. देव रागावत न्हाई."

मी थांबले. विचारलं, कसला नवस गं?

"मालकानी चतुर्थ्या धरल्यात, एकवीस. सुरतेला असतात. परवा आलेत. आमच्या सासूबाईंना नातू पाहिजे, म्हून सोडवाया आले."

"कुठली तू?"

"पिंपळगाव रेणुकाई."

"नवऱ्याचं नाव काय?"

ती लाजली. नवऱ्याचं नाव कशी घेणार? तोंडाला पदर लावून खाली बघायला लागली. सासूच म्हणाली, "वसंता. का वो बाई?"

वसंताचं वसंता बघेल, असं मी म्हटलं होतं. मे महिन्यापासून चार चतुर्थ्या गेल्या, मला या पोरीची एकदाही आठवण झाली नाही. यादी करायची तर मला फार हौस.

मागून सासूबाई म्हणाल्या, "चल, थांबू नको, देवाचं अर्धवट ठेवू न्हाई."

कानात सांगता आलं असतं. पण कानात सांगितलेलं त्या सासूनं चालू दिलं नसतं. मला हाकलून दिलं असतं, जसं मी साळूबाईला हाकललं. म्हणून मी मोठ्यानं बोलले. सभेत बोलते तशी.

"उठ इथनं. तुझ्या नवऱ्यानं नवस केलेला नाही. त्याला एड्स आहे. तुला होऊ नये म्हणून तो खोटं बोलला. माझ्याही नवऱ्याला आहे, तोही हेच बोलला. मी असाच नवस सोडवला. तू सोडवू नको."

जोशीबुवांनी दुर्वा खाली ठेवल्या. वसंताची आई माझ्या अंगावर आली, मेल्याची, रांडेची, काय काय म्हणाली, ते मी ऐकलं नाही. मी पोरीकडे बघत होते. ती रडली नाही. हळूच म्हणाली, "म्हून ते आल्यापासून गोठ्यात झोपतात."

"हो."

"मंग आता मी काय करू?"

"घरी जा. त्यांना सांग, मला कळलंय. रागावू नको. मग दोघं ताहेरा सिस्टरकडे या."

वळले तर सासूबाई तिथंच. ताट तिरपं झालेलं, कुंकू जमिनीवर. जीपमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या, मांडीला मांडी लावून, आणि सगळ्या रस्त्यानं रिकामं ताट पुसत राहिल्या. आमच्या गावची चार माणसं त्याच जीपमध्ये होती. ती मात्र बोलत होती, हळू आवाजात. उद्या हापशावर सगळं गाव बोलेल. बोलू दे. गावाला अक्कल यायला तेवढं एकच साधन उरलं आहे.

रामकिसन ओसरीवर बसले होते. मी ओल्या लुगड्यातच त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, मी सगळ्यांपुढं तुमचं नाव घालवलं. का ते सांगितलं.

ते खाटेवर सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "वसंताच्या बायकोला टायमात सांगितलं का?"

"टायमात," मी म्हटलं.

त्यांनी खाटेवर सरकून मला बसायला जागा केली.